संगीताच्या तासाला कोणी नुसतं बसून राहू नये

प्रिय बेटा,

आठवी-नववीच्या संगीताचं तुझं टाचण दोनदा वाचलं. माहिती चोख आहे. भूप रागाचा थाट, वादी-संवादी, गानसमय, आरोह-अवरोह, सगळं जागच्या जागी. पण पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांच्या तोंडून पहिला सूर निघतो तो तुझ्याच हिशोबाने पंचविसाव्या मिनिटाला. तोवर ती ऐकतात आणि फळ्यावरचं उतरवतात. ज्याला गायचं आहे तो कंटाळतो, आणि ज्याला गायचं नाही त्याला लपायला वही मिळते. म्हणून 'मी काय सांगणार' हा रकाना खोडून टाक. त्याऐवजी दर पाच मिनिटांसमोर लिही, की या वेळात साठच्या साठ मुलं काय करताहेत. उत्तर 'ऐकताहेत' असं आलं, तर ऐकताना काय शोधताहेत तेही लिही.

हजेरीपासूनच सुरुवात करता येते. मुलांनी हातावर सोळा मात्रांचा त्रिताल धरायचा आणि दर चार मात्रांच्या पहिल्या मात्रेवर एकेकाने आपला हजेरी क्रमांक म्हणायचा. लय मिनिटाला 120 मात्रांची ठेवलीस तर एका मुलाला दोन सेकंद लागतात आणि साठ जणांची हजेरी दोन मिनिटांत होते. चौघांपैकी एकाचा नंबर 'खाली'च्या, म्हणजे बिनटाळीच्या, मात्रेवर पडतो. त्याने टाळी द्यायची नाही, हात उलटा करून हलक्या आवाजात नंबर म्हणायचा. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या चार मात्रा सगळ्यांनी मुक्याने मोजायच्या, ताल थांबवायचा नाही. तू 'धा धिं धिं धा' म्हणत राहा, पटावरच्या खुणा मॉनिटरला करू दे. नवव्या मात्रेला खाली येते हे मग फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीचा तुझ्या टाचणात उल्लेखच नाही ती सांगते, कारण माझ्या मते माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, आणि ते होईपर्यंत कित्येकांच्या हाती जेमतेम पाच-सहा स्वर उरतात. सातवीपर्यंत प्रार्थनेला पुढे उभा राहणारा मुलगा अचानक मागच्या बाकावर जातो, खोड्या काढतो, आणि आपण समजतो की त्याला संगीताची आवड राहिली नाही. त्याला आवड असते, पण आवाज कधी दगा देईल याची धास्ती बसलेली असते.

पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांग की हे होणारच आहे, याला काही महिने लागतात आणि यात हसण्यासारखं काही नाही. मुलींचा आवाजही बदलतो, फक्त फरक कमी असतो. मग एकेकाला पेटीजवळ बोलावून कुठून कुठपर्यंत स्वर सहज लागतो ते वहीत टिपून ठेव. हे एका तासात उरकू नकोस, रोज पाच-सहा जण घे. गाणं निवडताना ते सा ते ध एवढ्यातच फिरतंय ना ते पाहा, आणि पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, घरी ठरवून जाऊ नकोस, वर्गातल्या गळ्यांप्रमाणे ठरव. ज्याला तेवढंही जमत नाही त्याने खालचा सा किंवा प धरून ठेवायचा. साथीचा आधारस्वर धरणं हे कमी प्रतीचं काम नाही हे त्याला पटवून दे. ते जमलं नाही तर तो तबल्याचे बोल म्हणेल, खंजेरी वाजवेल. पण कोणत्याही मुलाला 'तू नुसते ओठ हलव' असं सांगू नकोस. कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून हे वाक्य फार सहज बोललं जातं, आणि ते ऐकलेली माणसं पुढे आयुष्यभर 'मला गाता येत नाही' म्हणत राहतात.

भूप शिकवायची माझी रीत लिहून ठेव. पेटीवरच्या फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या. एका सप्तकात त्या पाचच असतात: जोडीतल्या दोन म्हणजे काळी एक-दोन, तिघींच्या गटातल्या तीन-चार-पाच. काळी तीनला सा मान आणि काळ्या पट्ट्यांवरूनच वर जा: सा रे ग प ध, म्हणजे भूप. आठवीची मुलं एका तासात हे गातात, चौघे जण पुढे येऊन वाजवतातही, आणि चुकीच्या पट्टीवर बोट पडायची भीती नसल्याने कधी पेटीला हात न लावलेलं मूलही पुढे येतं.

पुढच्या तासाला त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकला. आता सा रे म प ध येतात, म्हणजे दुर्गा. तिसऱ्या तासाला सा काळी पाचला ने. मग सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मालकंस! एकही पट्टी बदलली नाही आणि सगळा रंग पालटला, हे पाहून नववीचे पोट्टेसुद्धा चूप होतात. मात्र एक काळजी घे. सा हलवलास की मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा साही हलव. तो जुन्याच सावर वाजत राहिला तर कानाला भूपच ऐकू येत राहील आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. मालकंसात पंचम (प) नाही, म्हणून तिथे तानपुरा मध्यमाचा (म) लाव. दोन्ही तानपुरे एकामागून एक ऐकवून 'काय बदललं?' एवढंच विचार आणि थांब. उत्तर यायला वेळ लागतो, तो लागू दे. राग म्हणजे नुसते पाच स्वर नव्हेत, त्याची चाल वेगळी असते, हे नंतर सांग. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असूनही ते दोन राग का, हा प्रश्न नववीच्या दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेव.

गाणी कुठली घ्यावीत असं विचारलंयस. नागपुरात राहून हा प्रश्न पडू नये बेटा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' हा घोष तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या तोंडात असतो. टाळ्या देत तो आठ मात्रांच्या केहरव्यात कसा बसतो ते त्यांनाच शोधू दे, मग मुद्दाम सहा मात्रांच्या दादऱ्यात बसवायला सांग. कुठे ओढाताण होते, जोर कुठल्या अक्षरावर सरकतो, यावर जी भांडणं होतील तीच तुझी तालाची तासिका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909–1968) खंजेरी भजनं कित्येकांच्या आजोबांना पाठ असतात. घरून एक खंजेरी आणायला सांग, तीन येतील. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीचा परिसर भीमगीतांनी भरून जातो. शाहीर वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी वर्गात त्याच आदराने घे ज्या आदराने अभंग घेशील. कोणाच्या वस्तीतलं गाणं वर्गात आलं आणि कोणाचं आलं नाही, हे मुलं अचूक हेरतात. सिनेमाची गाणीही आणू दे. अट एकच, आणणाऱ्याने ताल ओळखून सांगायचा.

रेकॉर्डिंग ऐकवायचं तर तीन मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि आधी एकच काम दे: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की बोट वर करा. गायक वसंतराव देशपांडे (1920–1983) जरूर ऐकव. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहावर त्यांचं नाव मुलांनी वाचलेलं असतं. ते याच गावात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, हे कळलं की पोरं वेगळ्या कानाने ऐकतात.

थाट, वादी, संवादी वहीत यायलाच हवेत, पण शेवटच्या पाच मिनिटांत, गाऊन झाल्यावर. ज्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर वेगळं बसव, त्यांच्या तयारीपायी अख्खा वर्ग जुंपू नकोस.

आणि हो, पाहुणे येणार म्हणून स्वागतगीत, पंधरा ऑगस्टचं समूहगीत, स्नेहसंमेलन, यांत तुझे बरेच तास जातील. तक्रार करत बसू नकोस. जूनअखेर शाळा उघडली की मुख्याध्यापकांकडून वर्षाची यादी मागून घे आणि स्वागतगीताची चाल त्या महिन्यात जो राग चालू आहे त्याच रागात बांध. सराव हाच पाठ होतो. फक्त निवडक दहा जणांना घेऊन वर्ग ओस पाडू नकोस. समूहगीत म्हणजे समूहाने गायचं गीत, त्यात फुटलेला आवाजही आला.

जुलैच्या पावसात तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून सूर उतरतो. तास सुरू झाल्यावर हातोडी घेऊन बसलीस तर दहा मिनिटं गेलीच समज. मधल्या सुट्टीत लावून ठेव. पेटी एक दिवस आधी उघडून पाहा, उन्हाळ्यात भात्यात काय काय शिरतं ते कळेल.

पहिल्या चार तासांचं टाचण नव्याने लिहून पाठव. सोबत आठवीतल्या मुलांच्या आवाजाच्या नोंदीही पाठव, नावं नकोत, हजेरी क्रमांक पुरेत. पट्टी कुठली धरायची ते आपण फोनवर पेटी समोर ठेवूनच ठरवू. रविवारी सकाळी नऊनंतर मी मोकळी असते.

तुझ्या बाई