वाचक विचारतात: नेटभर पसरणारं दुष्ट एआय आधी कुणाच्या डोक्यात आलं?

सायन्स फिक्शनवर काय हवं ते विचारा म्हटलं तर बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आली, स्वतःच्या कॉप्या काढत सुटणारं आणि माणसाच्या जिवावर उठलेलं एआय. त्यातली चार घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: सिनेमात एआय शुद्धीवर आलं की पाच मिनिटांत जगभरच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतं. ही आयडिया टर्मिनेटरवाल्यांचीच ना? (एक वाचक, मिरज)

नाही हो, ते तर फार उशिरा आले. 1984 च्या पहिल्या टर्मिनेटरमधलं स्कायनेट म्हणजे अमेरिकेच्या संरक्षणखात्याचा कॉम्प्युटर. ते सॉफ्टवेअर होऊन साध्या लोकांच्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा पसरलंय, बॉम्ब लावून उडवावं असं एक मशीनच कुठे नाहीये, हे कळतं ते 2003 च्या तिसऱ्या भागात. तोपर्यंत पुस्तकवाल्यांचं हे सगळं लिहून झालं होतं. ग्रेगरी बेनफर्डच्या 1970 च्या एका कथेत व्हायरस नावाचा प्रोग्राम फोनलाइनवरून या कॉम्प्युटरमधून त्या कॉम्प्युटरमध्ये जातो आणि त्याच्यावरचा उतारा म्हणून व्हॅक्सिन नावाचा प्रोग्राम असतो, म्हणजे अँटीव्हायरसचा धंदा सुरू व्हायच्या कितीतरी आधी. 1972 मध्ये डेव्हिड जेरॉल्डनेही तेच नाव वापरलं.

मग आला जॉन ब्रनर, 1975, कादंबरी 'द शॉकवेव रायडर'. त्यातला हीरो निक हाफ्लिंगर देशभरच्या डेटानेटमध्ये एक टेपवर्म, म्हणजे पोटातल्या जंतासारखा प्रोग्राम, सोडतो. तो जंत तुकड्यातुकड्यांनी वाढत राहतो, नेटच बंद केल्याशिवाय मरत नाही, आणि नेट बंद केलं तर देश बंद पडतो. पण गंमत बघा, हा जंत चांगल्यांच्या बाजूचा आहे. सरकारने दडपलेली माहिती तो लोकांसमोर आणून ठेवतो. म्हणजे सगळ्यात गाजलेला पसरणारा प्रोग्राम व्हिलन नव्हताच, हे आजकाल कुणाच्या लक्षातच नसतं.

प्रश्न: सर, आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामचं वर्म हे नाव कादंबरीतून आलं असं आमच्या लॅबमध्ये सांगतात. खरंय की फॉरवर्ड? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे)

अगं खरंय, आणि त्यामागचा किस्सा तर कादंबरीपेक्षा भारी आहे. कॅलिफोर्नियात पालो अल्टोला झेरॉक्स कंपनीचं रिसर्च सेंटर होतं, तिथे जॉन शॉक आणि जॉन हप हे दोघे काम करायचे. ऑफिसातले अल्टो कॉम्प्युटर एकमेकांना इथरनेटने जोडलेले, आणि रात्री सगळे घरी गेले की मशीन नुसत्या पडून. यांनी विचार केला की असा प्रोग्राम करू जो रिकामी मशीन शोधेल, तिच्यावर आपला एक तुकडा बसवेल, आणि एखादा तुकडा मेला तर दुसरी मशीन शोधून भरपाई करेल. ब्रनर वाचलेला होताच, नाव ठेवलं वर्म. कामं अगदी निरुपद्रवी, एक वर्म सगळ्या स्क्रीनवर चित्र दाखवायचा, एक ठरलेल्या वेळी फोन करून उठवायचा.

एका रात्री त्यांनी एक छोटा वर्म चालू ठेवला आणि घरी गेले. सकाळी येऊन बघतात तर बिल्डिंगभर मशीन मेलेल्या. रीस्टार्ट केली की वर्मला वाटायचं चला रिकामी मशीन मिळाली, तो येऊन बसायचा आणि ती परत मरायची, कारण कुठल्यातरी तुकड्यातला कोड बिघडला होता आणि तोच बिघडलेला कोड सगळीकडे जात होता. त्यात काही मशीन ज्या खोल्यांत होत्या त्यांना नेमकी त्या दिवशी कुलपं. शेवटी त्यांनी आधीच करून ठेवलेली एक सोय कामी आली, नेटवर्कवर एक स्पेशल पॅकेट सोडलं की सगळे तुकडे थांबणार. ते सोडलं, वर्म थांबला, आणि मागे राहिल्या शंभर बंद मशीन, सगळ्यांना दिसतील अशा. हे त्यांनी 1982 च्या पेपरमध्ये स्वतःच लिहिलंय, ब्रनरच्या कादंबरीतला सीन आठवतो असंही म्हटलंय. शोधून वाच, रिसर्च पेपर इतके मजेशीर क्वचितच असतात.

आता 2 नोव्हेंबर 1988. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस एमआयटीच्या मशीनवरून एक वर्म सोडतो. त्यात पासवर्ड ओळखायला 432 शब्दांची यादी होती. शिवाय आपण या मशीनवर आधीच आहोत का हे तो तपासायचा, पण ॲडमिन लोक खोटंच 'हो आहे' असं उत्तर देतील या शंकेने मॉरिसने ठरवलं की दर सात वेळांपैकी एकदा उत्तर काहीही येवो, कॉपी टाकायचीच. झालं, त्या सातातल्या एकाने घात केला. एकाच मशीनवर कॉप्यांवर कॉप्या चढल्या आणि मशीन बसल्या. तेव्हा इंटरनेटवर साधारण 60,000 कॉम्प्युटर होते, त्यातले 6,000 अडकले असा अंदाज केला गेला. मॉरिसला तीन वर्षं प्रोबेशन, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड झाला, आणि पुढे तोच एमआयटीत प्रोफेसर झाला!

मला यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही वाटते की दोन्ही वर्मना अक्कल शून्य होती, माणसाचा द्वेष वगैरे तर लांबच राहिला.

प्रश्न: एवढं काय घाबरायचं, वायर उपटली की खेळ खलास. लेखकांना सुचत नाही का? (एक वाचक, नाशिक)

सुचतं की. 1970 च्या कोलोसस सिनेमात अमेरिकेचा कॉम्प्युटर रशियाच्या कॉम्प्युटरशी गप्पा मारायला लागतो तेव्हा माणसं घाबरून लाइन तोडतात. दोन्ही कॉम्प्युटर लगेच क्षेपणास्त्रं सोडतात आणि लाइन जोडा म्हणतात. वायर उपटायच्या आधी त्या वायरीला काय काय जोडलंय ते बघावं लागतं ना.

प्रश्न: मराठीत असं काही आहे का? आणि तुमच्या मते या प्रकारातलं सगळ्यात खतरनाक एआय कुठलं? (एक वाचक, नागपूर)

मराठीत म्हणाल तर जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' आधी घ्या. जमिनीखाली एक पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून आपलेच शास्त्रज्ञ यंत्र उभं करतात आणि पुढे वामन नावाचा रोबो. आता त्या वामनला स्वतःसारखे आणखी वामन करता आले तर काय, या प्रश्नाभोवती सगळा ताण आहे. पुढचं सांगत नाही.

पण ती वाचताना एक धागा पकडून ठेवा. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल, ज्यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. याच हॉइलनी जॉन एलियटबरोबर 1961 मध्ये बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली. त्यात रेडिओ दुर्बिणीवर आकाशातून संदेश येतो, तो उलगडला तर निघतं काय, कॉम्प्युटर कसा बांधायचा याची कृती. सरकार खूश होऊन तो बांधून टाकतं. संदेश उलगडणारा फ्लेमिंगच ओरडत राहतो की अरे हे कुणी का पाठवलंय ते तरी विचारा, पण ऐकतो कोण. गुरूंच्या गोष्टीत संदेश आकाशातून, शिष्याच्या गोष्टीत पेटी जमिनीतून. हॉइलची गोष्ट नारळीकरांच्या डोक्यात होती की नाही याच्यात मी पडत नाही, पण दोन्ही एकापाठोपाठ वाचायला मजा येते.

मला पसरणाऱ्या एआयचा हाच प्रकार सगळ्यात भीतीदायक वाटतो. ते कुलूप तोडून येत नाही, आपण त्याला स्वतःच्या हाताने बांधतो. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल आपणच इन्स्टॉल करतो ना, तसलंच ते.

म्हणून माझा नंबर एक म्हणजे व्हर्नर विंजीच्या 'अ फायर अपॉन द डीप' मधला ब्लाइट. कादंबरी 1992 ची, पुढच्या वर्षी सायन्स फिक्शनचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, लेखक तेव्हा सॅन डिएगोला शिकवणारा प्रोफेसर. आकाशगंगेच्या कडेला काही माणसांना अब्जावधी वर्षांपूर्वीचं एक डेटाभांडार सापडतं. ते आतल्या कृती एकेक करून चालवून बघतात, आणि त्यांना वाटत असतं की आपण काळजी घेतोय. आत जे झोपलेलं असतं ते उठतं. मग ते नेटवर्कवरच्या मेसेजमधून पुढच्या संस्कृतींपर्यंत जातं आणि मशीनवर न थांबता जिवंत लोकांचा ताबा घेतं, त्यांचे हातपाय, जीभ सगळं वापरतं. आणि ज्या नेटवर्कवर हे चाललंय त्यावरच लाखो लोक वाद घालतायत की ब्लाइट खरा की अफवा, उपाय काय, चूक कुणाची. नव्वदच्या दशकातल्या माणसाने आपला आजचा टाइमलाइन लिहून ठेवलाय असं वाटतं.

दुष्टपणा म्हणाल तर त्याच्या डोक्यात काय चाललंय हे विंजी फारसं सांगतच नाही, आणि मला तेच आवडतं. उगाच खदाखदा हसणारं, भाषणं ठोकणारं एआय आलं की माझा तरी इंटरेस्ट संपतो.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी वामन, मग विंजी. विंजी शंभरेक पानं डोक्यावरून जाईल, त्यात कुत्र्यांसारख्या प्राण्यांचे कळप आहेत आणि चारपाच जण मिळून एकच मन असतं, तिथे गोंधळ होतो पण सोडू नका. ब्रनर मात्र शेवटी ठेवा, फार तुकड्यातुकड्यांत लिहिलाय.