‘सॉलिड’ला मराठीत प्रत्येक ठिकाणी ‘घन’ लिहिलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतून भाषांतर करताना ‘सॉलिड’ला सगळीकडे ‘घन’ लिहिलं तर चालेल का, आणि आपण बोलताना ‘सॉलिड’ म्हणतो तो हाच शब्द का. पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर मला अर्धा किलो संत्राबर्फी खर्चून मिळालं.

मी नागपूरला मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. काही वर्षांपूर्वी वर्षअखेरीला परदेशातल्या साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं, ‘सॉलिड वर्क’. शेजारचा म्हणाला, “साहेब तुले सॉलिड म्हणून राहिला, पार्टी पायजे बे!” मी बर्फी वाटली. पगारवाढ बघितल्यावर कळलं की त्यांच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीत ‘सॉलिड’ ही बरोबर मधली पायरी होती.

इंग्रजीत कामाला सॉलिड म्हटलं की ते भरवशाचं असतं, त्यात चुका नसतात, पण कोणी तोंडात बोट घालावं असंही काही नसतं. आपण शब्द तोच घेतला आणि त्यातला बेताचेपणा तेवढा टाकून दिला. टपरीवरच्या पोह्यांवरची तर्री सॉलिड असते, सावजीचा रस्सा सॉलिड असतो, आणि मे संपता संपता नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की शेजारच्या काकू “आज सॉलिड तपून राहिलं बाप्पा” म्हणत पडदे ओढतात. उन्हाचं ते काही कौतुक नाही. ‘सॉलिड वाट लागली’, ‘सॉलिड डोकं दुखतंय’ हेही आपण म्हणतोच. म्हणजे बोली मराठीतला सॉलिड चांगलं-वाईट बघत नाही, फक्त मात्रा वाढवतो. त्याचं रूपही बदलत नाही: सॉलिड माणूस, सॉलिड भाजी, सॉलिड मारलं. आणि जोर द्यायचा असला की मोठाचं मोठ्ठा होतं, तसं याचं सॉल्लिड होतं. शब्द घरचा झाल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

आता तुमचं भाषांतर. माझी एक साधी युक्ती आहे: त्या वाक्यात सॉलिडच्या विरुद्ध काय उभं आहे ते बघायचं. विरुद्ध द्रव असेल तर शाळेच्या पुस्तकातला ‘स्थायू’. विरुद्ध पोकळ असेल तर ‘भरीव’. इतवारीच्या सराफ्यात बांगड्या बघताना माझी आई पहिला प्रश्न विचारते तो हाच, भरीव आहे की पोकळ. आणि मूळ शब्दाच्याही हे बरंच जवळचं आहे. लॅटिन सॉलिडस म्हणजे भरीव, अखंड. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला जे सोन्याचं नाणं काढलं त्याचं नावच सॉलिडस होतं. एका रोमन पौंड सोन्यात अशी 72 नाणी पडत, म्हणजे एक साधारण साडेचार ग्रॅमचं. त्या नाण्याच्या नावावरून फ्रेंचमध्ये पगाराला शब्द आला आणि पगारावर लढणारा तो इंग्रजीत सोल्जर झाला.

विरुद्ध कमकुवत असेल तर ‘भक्कम’ (पाठिंबा), मोघम असेल तर ‘ठोस’ (पुरावा). मध्ये खंड नसेल तर ‘सलग’: सलग तीन तास वीज नव्हती, इथे ‘घन तीन तास’ कोण म्हणेल? कापडाच्या दुकानात सॉलिड म्हणजे ज्याच्यावर छापा नाही ते. इथल्या गांधीबागेच्या कापडबाजारात “प्लेनमध्ये दाखवा” म्हटलं की काम होतं.

‘घन’ची खरी अडचण अशी की तो बिचारा आधीच फार ठिकाणी कामाला आहे. 5 चा घन 125. दगड फोडायचा मोठा हातोडाही घन. आणि कवितेत तर घन म्हणजे ढग, ज्याच्याइतकं कमी भरीव काही नसेल! महापालिकेचा ‘घनकचरा’ मात्र आता पक्का रुजलाय, तो तसाच ठेवा, त्यात टरबुजाची ओली सालं असली तरी.

सगळ्यात घोळ होतो तो क्रियापदात, म्हणजे ‘सॉलिडिफाय’मध्ये. ‘घनरूप झाले’ असं भाषांतर वाचलं की मला चावल्यासारखं होतं. आपल्याकडे प्रत्येक पदार्थाला आपापलं क्रियापद आहे. पाणी गोठतं. तूप थिजतं. रक्त साकळतं. दही लागतं. डिसेंबरात इथे रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास येतो तेव्हा खोबरेलाची बाटली थिजून दगड होते आणि आंघोळीआधी ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागते, कारण ते तेल वितळतं 24-25 अंशांना. मे महिन्यात तीच बाटली पाण्यासारखी वाहते. इंग्रजी मजकुरात एकच ‘सॉलिडिफाय’ आला, म्हणून मराठीतही एकच शब्द शोधत बसायचं कारण नाही.

डॉक्टर सहा महिन्यांच्या बाळाला “आता सॉलिड सुरू करा” म्हणतात तेव्हा तर स्थायूही नको आणि भरीवही नको. बाळाला पातळ वरण-भात भरवणार, त्यात टणक काय आहे? त्याला घरोघरी ‘वरचं खाणं’ म्हणतात आणि पहिला घास म्हणजे उष्टावण. तुमचा मजकूर आयांसाठी असेल तर हेच लिहा.

आणि कोणाच्या कामाबद्दल ‘सॉलिड’ आलं असेल तर ‘जबरदस्त’, ‘अप्रतिम’ असलं काही लिहू नका. ‘काम चोख आहे’ एवढं पुरे. माझ्या वेळी कोणी एवढं सांगितलं असतं तर बर्फीचे पैसे वाचले असते.