पोर्शे ९४४ ला स्पार्क नाही? कॉम्प्युटर बदलण्याआधी सेन्सरची वायर वाकवून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझे ते तीन महिने आठवले. १९८६ ची पोर्शे ९४४, गरम झालेली असताना रस्त्यातच बंद पडली, आता सेल मारला की इंजिन फिरतं पण एकाही प्लगला ठिणगी नाही, नवीन कॉइल टाकून झाली आणि आता गॅरेजवाले म्हणतात कॉम्प्युटर (ठिणगी आणि पेट्रोल सांभाळणारा डबा, म्हणजेच डीएमई) गेला. माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त माझी गाडी एक वर्षाने जुनी. म्हणून कळकळीने सांगतो, कॉम्प्युटरचे पैसे अजून देऊ नका.

बॅटरी, फ्यूज, अर्थ हे तुम्ही पाहिलं असणारच. आणि बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर आधी तो काढून टाका. इग्निशन तोडणारे ते जुने डबे निम्म्या भानगडींचं मूळ असतात, हे माझं ठाम मत आहे.

पुन्हा सेल मारण्याआधी मात्र डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा आणि क्रँकचा बोल्ट पान्याने हळूच फिरवा. इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने, आणि अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. या इंजिनात कॅपखालचा रोटर, म्हणजे ठिणगी एकेका प्लगकडे वळवणारा तुकडा, कॅमशाफ्टबरोबर फिरतो. क्रँक फिरतोय आणि रोटर ढिम्म, म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणारा टायमिंग बेल्ट गेला. ९४४ मध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. अशा वेळी सेल मारत राहणं म्हणजे नुकसान वाढवणं.

रोटर फिरतोय? मग सेल मारताना दोन गोष्टी बघा: आरपीएमचा काटा जागचा हलतो का, आणि पेट्रोल पंप चालतो का. या गाडीत फ्लायव्हीलवर दोन सेन्सर असतात. एक दात मोजतो, दुसरा दर फेऱ्याला एकदा येणारी खूण पकडतो. हे सिग्नल मिळाले नाहीत तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही. मग तो ठिणगीही देत नाही आणि पंपाचा रिलेही ओढत नाही. काटा मेलेला आणि पंपही गप्प असेल तर कॉइलच्या मागे लागू नका. आधी डीएमई रिले (कॉम्प्युटर आणि पंपाला वीज देणारा), मग हे सेन्सर. त्या रिलेच्या आतले डाख जुने झाले की तडकतात, गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर काही झालंच नाही अशी चालू होते. रिले नवीन घ्या आणि एक जादाचा कायम गाडीत ठेवा.

आता माझी चूक, कारण तुम्ही नेमके तिथेच उभे आहात.

सेन्सर मी तपासले होते. कनेक्टर सोडवून दोन सिग्नल पिनांमध्ये ओहम मोजले. साधारण ६०० ते १६०० च्या दरम्यान आले की ठीक मानतात. माझे आले ९६० च्या आसपास. वहीत लिहिलं, ‘दोन्ही सेन्सर चांगले’, आणि त्या एका ओळीवर विसंबून पुढे कॅप, रोटर, प्लगच्या वायरी, कॉइल, सगळं बदलत गेलो. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपकडे डबा पाठवला. त्यांनी तो सात आठवडे ठेवला. फोन केला की ‘बघतोय’. मग ‘आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडाला होता’ असं सांगून भरभक्कम बिल पाठवलं. काय बदललं, कशावर लावून तपासलं, याचा एक कागद नाही. डबा बसवला, ठिणगी नाहीच. विचारलं तर उत्तर आलं, ‘तुमच्या वायरिंगचा दोष, आमची जबाबदारी नाही.’ याचा राग मला आजही येतो, कारण वायरिंग तपासायचं आधीच सांगितलं असतं तर डबा गाडीतून काढलाच नसता.

एका संध्याकाळी मीटर सेन्सरच्या कनेक्टरला लावलेलाच होता आणि दुसऱ्या हाताने टॉर्च धरताना माझं मनगट वायरीला लागलं. आकडा ९६० वरून उडाला. हात काढला, परत ९६०. मग मुद्दाम वाकवली: कनेक्टरपासून चार बोटं खाली, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), जिथे इंजिनची सगळी उष्णता कोंडते. वरचं आवरण वाळक्या सालीसारखं कडकडून गळून पडलं आणि आतली तार तुटून नुसती टेकून राहिली होती. स्थिर असताना मीटरला ती धडधाकट दिसायची. सेल मारला, इंजिन थरथरलं, की संपर्क गेला.

म्हणून ओहम मोजताना वायर पूर्ण लांबीभर वाकवा, पिळा. तिसरी पिन शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची असते. सिग्नलच्या पिनेपासून शील्डपर्यंत जोडणी मिळता कामा नये, हेही मीटरने बघा. दोष सापडला तर दोन्ही सेन्सर एकदम बदला, दुसऱ्याचं वयही तेवढंच आहे. फ्लायव्हीलपासून गॅप ०.८ मिमी लागतो. मी सेन्सरच्या तोंडाला त्याच जाडीचा वॉशर चिकटवून ब्रॅकेट बसवलं, मग सेन्सर काढून वॉशर उतरवला. दोन्ही सेन्सर आणि कनेक्टर सारखेच असल्याने ते सहज उलटसुलट लागतात आणि मग गाडी चालूच होत नाही. काढण्याआधी टेपने खूण करा. क्लचच्या कामात हे सेन्सर काढावे लागतात, म्हणून हल्लीच ते काम झालं असेल तर अदलाबदलीचा संशय सगळ्यात आधी घ्या.

ठिणगी बघताना जादाचा प्लग इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून बांधा. हातात धरू नका आणि प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल मारू नका, कॉइल आणि कॉम्प्युटर दोन्हींना ते सोसत नाही. पेसमेकर असलेल्याने या कामाच्या जवळही थांबू नये.

मी मेकॅनिक नाही, आणि हे सगळं साध्या ८ व्हॉल्व्हच्या ९४४ पुरतं आहे. टर्बोमध्ये केएलआरचा (इंजिनचं नॉकिंग सांभाळणारा) वेगळा डबा मध्ये येतो, तिचं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कॉम्प्युटर कधीच जात नाही असंही माझं म्हणणं नाही. पण तो शेवटी.

सेल मारताना काटा हलतो का, आणि वायर वाकवताना दोन्ही सेन्सरचे ओहम किती येतात, एवढं मोजून इथे लिहा. पुढचं आपण बघू.