बदकाच्या तळव्यातली भोवरी : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरत आला की बदकं पाळणाऱ्यांच्या पत्रांत लंगडणं आणि सुजलेले पाय हेच जास्त असतं. म्हणून या अंकातली सगळी उत्तरं पायांचीच.

प्रश्न : आमची तीन वर्षांची पांढरी पेकिन मादी आठ दिवसांपासून उजव्या पायाने लंगडते. तळव्याच्या मधोमध मसुराएवढी काळी खपली आहे, भोवती सूज आहे. खाणंपिणं ठीक आहे. शेजारचे म्हणतात, सुईने टोचून पू काढून टाका. जनावरांचा दवाखाना लांब आहे. घरी काय करता येईल? – वाचक, राजापूर तालुका

उत्तर : सुई आधी बाजूला ठेवा. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, तोंड केलं की वाहून जातो. पक्ष्यांचा पू वाहत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारं द्रव्य नसतं, त्यामुळे तो आतल्या आत घट्ट होतो आणि पनीरच्या कणीसारखा गोळा बनून बसतो. टोचलं तर बाहेर काहीच येत नाही, उलट बाहेरचे जंतू खोल जातात. दाबून पिळलं तर तो गोळा तळव्याच्या गादीत, शिरांच्या बाजूला सरकतो. नुसत्या गोळ्या-औषधांनी हे लवकर बरं होत नाही त्याचंही कारण हेच. घट्ट गोळ्यात औषध शिरत नाही.

या दुखण्याला पशुवैद्यक बंबलफूट म्हणतात. तळव्याच्या कातडीला बारीकशी चीर पडते किंवा कातडी घासून पातळ होते आणि तिथून जंतू शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. पेकिन अंगाने जड, त्यामुळे तिला हे जास्त होतं.

खाणं चालू आहे आणि सूज तळव्यापुरतीच आहे, तोवर घरी उपचार करून बघायला हरकत नाही. दोन माणसं लागतील. एकाने बदक टॉवेलात गुंडाळून, पंख अंगाशी मिटवून काखेत धरायचं, पाय मोकळे बाहेर. छातीवर दाब देऊ नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खालीवर झालं तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट आवळलेलं बदक काही मिनिटांत गुदमरू शकतं. एकट्या पायाला किंवा पंखाला धरून उचलणंही नको.

दुसऱ्याने हातमोजे घालावेत. हे जंतू आपल्या हातावरच्या जखमेतही शिरतात.

पाय शेकायला पसरट घमेलं घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सुखावह कोमट लागेल इतकंच, सुमारे ३८ ते ४० अंश. एक लिटर पाण्यात दोन सपाट पोह्याचे चमचे एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते औषधाच्या दुकानातलं घ्या. शेतीच्या दुकानात याच नावाने खत मिळतं, ते वापरू नका. नसेल मिळत तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा साधं मीठ चालेल. बदकाला आधी पोटभर पाणी पाजा, नाहीतर ते घमेल्यातलंच पितं आणि एप्सम मिठाने जुलाब होतात. पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून दोनदा.

शेकून झाल्यावर स्वच्छ कापडाने पाय टिपून कोरडा करा, बोटांमधला पडदासुद्धा. मग खपलीची कड बघा. ती भिजून पांढरट, सैल झाली असेल तर उकळून घेतलेल्या बोथट चिमट्याने हळूच उचला. सुटत नसेल तर सोडून द्या आणि उद्या पुन्हा शेका. तीन-चार दिवस लागू शकतात. बरेच जण घाई करून पाय बिघडवतात ते याच टप्प्यावर. खपली सुटली आणि तिच्या मागोमाग पिवळट घट्ट खुंट आपणहून वर आला, तर काढून घ्या. ओढावं लागत असेल, रक्त येत असेल, बदक पाय झटकत असेल, तर थांबा. ब्लेड लावायचं नाही. तळव्याच्या त्या गादीखाली लगेच बोटं वळवणाऱ्या शिरा आणि सांधा आहे, आणि भूल न देता कापलं तर त्या जिवाला होणारी वेदना तुमच्या-आमच्याइतकीच खरी आहे. रक्त आलंच तर गॉजची घडी पाच मिनिटं न उचलता दाबून धरा.

खुंट निघाल्यावर खड्डा दिसेल. बिनसुईच्या दहा मिलिच्या सिरिंजने मिठाचं कोमट पाणी दोन-तीनदा सोडून तो धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन. १० टक्क्यांचं असेल तर एका भागात दहा भाग पाणी, ५ टक्क्यांचं असेल तर पाच भाग. बिनदुधाच्या फिक्या चहासारखा रंग यायला हवा. जाळ जास्त म्हणजे गुण जास्त असं समजून नुसतं ओतू नका, नवीन येणारं मांसही त्याने भाजतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच, रोज वापरलं तर जखम भरत नाही.

प्रश्न : पट्टी बांधतो पण टिकत नाही. दुसऱ्या दिवशी ओली, नाहीतर सुटलेली. एकदा बोटं सुजून आली. – वाचक, वसई

उत्तर : बोटं सुजली म्हणजे पट्टी घट्ट झाली. कापसाची साधी पट्टी भिजली की आवळते. स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी मिळते ती घ्या आणि उभी कापून बोटभर रुंदीची, वीतभराहून थोडी लांब अशी करा.

जखमेवर न चिकटणाऱ्या गॉजची दुहेरी घडी, तिला पोव्हिडोन मलम पातळ लावून. त्याभोवती कापसाची कडी करा, मेदूवड्यासारखी, मध्ये भोक. त्यामुळे अंगाचा भार कडीवर येतो आणि जखम अधांतरी राहते. ही कडी न करताच अनेक जण पट्टी बांधतात आणि मग महिना गेला तरी जखम भरत का नाही म्हणून विचारतात. आता पट्टी तळव्यावरून वर घ्या, मागच्या छोट्या बोटाच्या वरून घोट्याभोवती एक वेढा, पुन्हा खाली, आणि पुढच्या बोटांच्या मुळाशी दोन वेढे. पडदा पसरलेला असतानाच बांधा. दुमडून बांधला तर घडीत ओल राहून कातडी सोलवटते. पट्टी ताणून नको, तिच्या मूळ लांबीतच. बोटांची टोकं उघडी ठेवा. अर्ध्या तासाने हात लावा : गार किंवा निळसर लागली की सोडून पुन्हा बांधा.

पहिले चार दिवस रोज बदला, पुढे दिवसाआड. भिजली तर लगेच. पाण्याचं भांडं पसरट ताटावर जाळी ठेवून तिच्यावर मांडा, सांडलेलं पाणी खाली जातं. भांडं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवंच. नाक-डोळे धुता आले नाहीत तर पायाऐवजी डोळे चिकटायला लागतात. डबक्यात मात्र जखम बंद होईपर्यंत सोडू नका. अंघोळीची तलफ भागवायला पट्टी बदलायच्या आधी स्वच्छ टबात दहा मिनिटं पोहू द्या, मग पाय कोरडा करून नवी पट्टी.

प्रश्न : हळद-तेल लावलं तर? आमच्याकडे भेगांना बिब्बाही लावतात. – वाचक, चिपळूण

उत्तर : बिब्बा मुळीच नको. त्याच्या तेलाने माणसाच्या टाचेवरही फोड येतात, बदकाच्या पातळ कातडीवर खोल भाजतं. रॉकेल, डांबर, चुना यांचंही तसंच. हळदीने इजा नाही, पण तिच्या रंगाखाली लाली दिसत नाही आणि सूज कमी झाली की वाढली हे कळायचं बंद होतं. तेलाचा थर तर ओल कोंडून ठेवतो.

एक गोष्ट आवर्जून : घरात पडलेल्या खाजेच्या मलमात बहुधा स्टिरॉइड असतं. जंतू असलेल्या जखमेवर स्टिरॉइड म्हणजे जंतूंना मोकळं रान. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही दिसलं की बाजूला ठेवा. शेवट ‘-केन’ने होणारी बधिर करणारी मलमंही पक्ष्यांना सोसत नाहीत.

प्रश्न : ठणका कमी व्हावा म्हणून आपली दुखण्याची गोळी थोडी द्यावी का? आणि अँटिबायोटिक सुरू असताना अंडी खावीत का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरातली गोळी देऊ नका, आणि डायक्लोफेनॅक तर कधीच नको. त्याने पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातली गिधाडं याच औषधापायी संपत आली आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करायचं ठरलं. माणसांसाठीचं आजही दुकानात मिळतं, धोका तिथे आहे. पशुवैद्यक बहुधा मेलोक्सिकॅम देतात, वजनावर मात्रा काढून. त्यासाठी बदक बादलीत बसवून आधी वजन करून ठेवा. फोनवर सल्ला घ्यायचा असेल तरी पहिला प्रश्न वजनाचाच येतो.

अँटिबायोटिक चालू असताना आणि संपल्यावरही काही दिवस अंडी खाऊ नयेत. किती दिवस, ते औषधागणिक वेगळं असतं, चिठ्ठीवर लिहून घ्या. उरलेला अर्धा कोर्स पुढच्या बदकासाठी जपून ठेवणं हा चुकीचा काटकसरीपणा आहे. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू आपल्याच परसात तयार होतात.

प्रश्न : एक पाय बरा झाला आणि महिन्याभरात दुसऱ्या दोन बदकांना तेच. संसर्ग पसरतो का? – वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : बदकाकडून बदकाला पसरतो असं नाही. सगळी बदकं एकाच जमिनीवर चालतात, ती बघा. कोबा, शहाबादी फरशी, चिऱ्याचं खरबरीत अंगण, यावर दिवसभर चालून तळवे घासतात. खुराडं जमिनीपासून उंच असेल तर रोज सकाळी ती धपकन उडी मारतात. उतरती फळी लावा, आडव्या पट्ट्या ठोकून. रात्री बसायला चार-पाच बोटं जाडीचा भाताचा तूस किंवा पेंढा टाका. मूठभर घेऊन दाबल्यावर गोळा बनला तर तो ओला, त्याच दिवशी बदला. ओल्या तुसावर चुन्याची भुकटी टाकायची पद्धत आहे, तीही सोडा. ओल लागली की चुना पाय भाजतो. तारेची टोकं, काचा, करवंदीचे काटे यांसाठी आठवड्यातून एकदा अंगण हाताने चाचपा.

खाण्यात नुसता भात आणि पोळीचे तुकडे असतील तर बदक फुगतं आणि तळव्यावर भार वाढतो. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी लवकर फाटते. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा रोज थोडं द्या.

प्रश्न : तळवा स्वच्छ आहे, पण एकच बोट सुजून जांभळं पडलंय. – वाचक, मालवण

उत्तर : बंबलफूट नाही वाटत. बोटाच्या मुळाशी भिंग लावून बघा. किनाऱ्याकडच्या गावांत बहुतेक वेळा गळाची तंगूस सापडते, मासे सोडवताना तुटून पडलेली. इतरत्र मांजा किंवा केस. सूज वाढल्यावर धागा मांसात बुडतो आणि दिसत नाही, नुसती रेघ दिसते. कोमट पाण्यात भिजवून, बोथट टोकाच्या कात्रीचं एक पातं धाग्याखाली सरकवून कापा. धागा एकापेक्षा जास्त वेढ्यांचा असतो, सगळे निघाले याची खात्री करा. बोट काळं आणि कोरडं पडलं असेल तर हात न लावता दवाखाना गाठा.

प्रश्न : घरचा उपचार कुठे थांबवायचा? – वाचक, पुणे

उत्तर : सूज घोट्यापर्यंत चढली, बदक बसूनच राहिलं, दिवसभर खाल्लं नाही, जखमेला घाण वास आला, किंवा पाच-सात दिवस नीट शेकूनही तसूभर फरक नाही, यातलं एकही झालं की थांबवायचं. हाडापर्यंत गेलंय का हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही आणि गेलं असेल तर शेकण्यात घालवलेला प्रत्येक दिवस वाया. पायाला हात लावून ताप बघू नका. बदकाचं अंग ४१-४२ अंशांचं, आपल्याला कायम गरमच लागणार. दुसऱ्या पायाशी तुलना करा. सुजेभोवती दोरा गुंडाळून रोज मोजपट्टीवर मोजलात तर डोळ्यांना न दिसणारा फरक मिलिमीटरमध्ये दिसतो.

दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मुंबईच्या आसपासच्यांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं. तिथे जाताना पायावरची पट्टी तशीच राहू द्या, आणि निघालेला खुंट टाकून न देता स्वच्छ डबीत सोबत न्या. कोणतं औषध लागू पडेल हे त्यावरून तपासता येतं.