रविवारचं गाणं, सोमवारची वही

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रविवारी उपासनेत गाताना डोळे भरून येतात आणि सोमवारी साहेबांनी सांगितलं म्हणून मालाच्या नोंदवहीत मागची तारीख टाकता. घरी पोचेपर्यंत जीव आंबून गेलेला असतो, मग मुलावर ओरडता. बहिणीशी आठ महिने अबोला आहे. 'मी ढोंगी आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ प्रभूच्या सेवेत गेले तर सुटेन का?' असं तुम्ही विचारता.

ताई, ढोंगी माणसाला असं पत्र लिहावंसं वाटत नाही. आणि पूर्णवेळ सेवेचं म्हणाल, तर बहीण तिथेही बहीणच राहणार आणि मूल मूलच.

जकातदार, म्हणजे कर वसूल करणारे, आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि 'आम्ही काय करावं?' असं विचारू लागले, ते आठवा (बायबल, लूक ३). जकातदारांचा तर लोक तिरस्कार करत. तरी योहान त्यांना धंदा सोडायला सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपायांना म्हणतो, कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना. उत्तर असं थेट त्यांच्या रोजच्या कामातलं होतं.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आज रात्री सलग वाचा. सोळाव्या वचनात स्तोत्रं आणि गीतं गायला सांगितलंय. दोनच वचनांनी पत्र लिहिणारा प्रेषित पौल घरात शिरतो: नवरा-बायको, मग मुलं. मुलांना चिडवून खिन्न करू नका, हे तिथलंच. लगेच पुढे काम येतं, आणि 'प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे तो दासांना सांगतो, ज्यांच्या हाती काहीच नव्हतं अशांना. गाणं, घर आणि काम यांच्यामध्ये पौलाने भिंत घातलेली नाही. ती आपण घालतो. टेबलावर वचनाचं कार्ड ठेवून ती पडत नाही, त्याच टेबलावरच्या वहीत खरी तारीख पडली की पडते.

म्हणून पुढच्या वेळी साहेबांना शांतपणे सांगा, 'तारीख आजचीच टाकते, उशीर का झाला ते शेऱ्यात लिहिते.' आवाज चढवू नका, त्यांना उपदेशही करू नका. ते चिडतील, कदाचित नोकरीवरही येईल, हे तुमच्यापासून लपवणार नाही. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर आतापासूनच दुसरं काम शोधायला लागा, आणि चर्चच्या मंडळीतल्या एका भरवशाच्या व्यक्तीच्या कानावर हे घालून ठेवा. देव तुमची नोकरी वाचवेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. राजाच्या मूर्तीला नमायला नकार दिला म्हणून जळत्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या त्या तिघा तरुणांनाही तशी हमी नव्हती. देव सोडवील, पण नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही, असं ते म्हणाले (दानीएल ३).

मुलाची माफी मागा. 'तू पसारा केलास म्हणून मी ओरडले' अशी नको. 'माझं चुकलं' एवढंच म्हणा आणि थांबा. मी माझ्या मुलीची पहिल्यांदा माफी मागितली तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग 'बरं' म्हणाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

राहता राहिली बहीण. चूक कोणाची ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात काय आहे, हे तो विचारतच नाही.

तुमचं दान म्हणजे तुमचं गाणं. येत्या रविवारच्या आधी बहिणीला फोन करा. तिने उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

तुमची,
ताई