पोरांना घेऊन पहिलाच धबधबा? आधी राऊतवाडी

भावा, पोरं लहान असतील तर पहिल्यांदा राधानगरीजवळचं राऊतवाडी कर. धबधबा रस्त्याजवळच आहे, फार चालायला लागत नाही. शाहूवाडी तालुक्यातला बर्कीचा धबधबा पुढच्या खेपेला. तिथं गावातून ओढ्याकडेनं चालत जावं लागतं, आणि खरी मेख त्या ओढ्यातच आहे. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असलं तरी पाणी बघता बघता चढतं. नितळ पाणी गढूळलं, पालापाचोळा वाहत यायला लागला, की डबा अर्धा राहिला तरी उठायचं. मी एकदा भडंग संपवत बसलो. परतताना घोट्याएवढं पाणी मांडीला लागलं, धाकटी खांद्यावर! चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. जळवांसाठी मिठाची पुडी ठेव. आणि रविवार टाळच.