दाबल्यावर पुन्हा लघवी

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. उजव्या जांघेत फुगवटा आहे. लघवी झाली की ओसरतो, हाताने दाबला की पुन्हा लघवी होते. साधा हर्नियाच ना?

उत्तर : दाबल्यावर होणारी ही दुसरी लघवी फार बोलकी खूण आहे, लिहिलीत हे बरं केलंत. हर्नियात मूत्राशयाचा भाग उतरला असावा. सोनोग्राफी, लागल्यास सीटी स्कॅन करा. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथीही तपासाच, लघवीचा मूळ अडथळा बरेचदा तिथे असतो. सर्जनला हे आधीच सांगा. नाहीतर हर्नियाची पिशवी समजून मूत्राशयालाच कात्री लागण्याची भीती. मी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घालून मूत्राशय अलगद सोडवतो, आत ढकलतो, मग जाळी बसवतो. मूत्राशयाचा भाग कापावा लागतो क्वचितच. पट्टा बांधून दिवस काढू नका. लघवी तुंबली किंवा गाठ घट्ट होऊन दुखू लागली, तर तडक रुग्णालयात न्या.